फ्रीलान्सर, आयकराची नोटीस आणि हिशेबाची तयारी

रिटर्न भरायला घेण्याआधीच फ्रीलान्सरच्या कमाईचा बराचसा भाग आयकर खात्याला ठाऊक झालेला असतो. एखादी कंपनी वेबसाइट बनवणाऱ्याला, सल्लागाराला किंवा आर्किटेक्टला फी देते तेव्हा १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १९४ जे प्रमाणे दहा टक्के कर कापून सरकारकडे भरते. काम निव्वळ तांत्रिक सेवेचे असेल तर दोन टक्के. दर तिमाहीला कंपनी या कपातीचे, म्हणजे टीडीएसचे, जे विवरण देते त्यात फ्रीलान्सरचा पॅन, फीची रक्कम आणि कापलेला कर या तिन्ही गोष्टी असतात. बचत खात्यात वर्षभरात दहा लाख किंवा जास्त रोकड जमा झाली, क्रेडिट कार्डाची बिले दहा लाखांवर गेली, तीस लाखांचे घर नोंदवले, की बँक आणि निबंधक कार्यालय ते परस्पर कळवतात. नोव्हेंबर २०२१ पासून ही सगळी माहिती एआयएस या वार्षिक माहितीपत्रकात एकत्र होते आणि करदात्याला स्वतःलाही पोर्टलवर पाहता येते. तपासणीची तयारी म्हणजे मुख्यतः एवढेच, की खात्याकडे असलेला आकडा आणि आपल्या वहीतला आकडा वेगळा का, हे कागदानिशी सांगता आले पाहिजे.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले. मात्र त्याआधीच्या वर्षांचे उत्पन्न जुन्याच कायद्याने तपासले जाते. पुढची काही वर्षे नोटिशींवर बहुधा जुनी कलमे दिसणार, म्हणून येथे तीच दिली आहेत.

खात्याकडून आलेला प्रत्येक ईमेल म्हणजे तपासणी नव्हे. कलम १४३(१) ची सूचना संगणक काढतो. रिटर्नमधली बेरीज, टीडीएस आणि वजावटी यांचा ताळा घेऊन कर बरोबर, कमी किंवा परतावा, असे ती कळवते. कलम १३९(९) ची नोटीस रिटर्न सदोष असल्याचे सांगते. फ्रीलान्सरला ती बहुधा चुकीचा फॉर्म निवडल्यामुळे किंवा टीडीएस मागितला पण त्यामागचे उत्पन्न दाखवले नाही म्हणून येते, आणि पंधरा दिवसांत दुरुस्ती करावी लागते. खरी स्क्रुटिनी सुरू होते ती कलम १४३(२) च्या नोटिशीने. ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरले ते संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती यावी लागते. म्हणजे २०२४-२५ चे रिटर्न सप्टेंबर २०२५ मध्ये भरले असेल, तर ३० जून २०२६ ही त्या नोटिशीची शेवटची तारीख. त्यानंतर कलम १४२(१) खाली प्रश्नावली येते आणि खाते उतारे, करार, बिले मागितली जातात. १४३(२) ची मुदत उलटली म्हणून वर्ष कायमचे बंद झाले, असे मात्र नाही. उत्पन्न सुटल्याची माहिती हाती आली तर कलम १४८ खाली जुने वर्ष पुन्हा उघडता येते. कर निर्धारण वर्ष, म्हणजे कमाईच्या पुढचे वर्ष, संपल्यापासून सव्वातीन वर्षे, आणि सुटलेली रक्कम पन्नास लाख किंवा अधिक असेल तर सव्वापाच वर्षे, अशी त्याची मुदत आहे. त्याआधी कलम १४८ ए ची कारणे दाखवा नोटीस येते. तिला नीट उत्तर दिले तर प्रकरण तिथेच मिटू शकते.

बहुतेक तपासण्या आता फेसलेस, म्हणजे कलम १४४ बी च्या पद्धतीने होतात. ठाण्यातल्या फ्रीलान्सरची फाइल देशातल्या कोणत्याही शहरातल्या पथकाकडे जाऊ शकते, आणि अधिकाऱ्याचे नावही कळत नाही. प्रश्न पोर्टलवर येतात, उत्तरे पोर्टलवर जातात. फार तर व्हिडिओवर सुनावणी मागता येते. कार्यालयातले खेटे आणि त्यांच्यासोबत येणारे इतर प्रकार यामुळे कमी झाले हे खरे. पण समोर बसून तोंडी समजावण्याची सोयही गेली. जे कागदावर नाही ते अधिकाऱ्याच्या दृष्टीने घडलेलेच नसते.

फाइल निवडतो तो संगणक, आणि फ्रीलान्सरच्या बाबतीत त्याला खटकणारी पहिली गोष्ट म्हणजे जमेचा फरक. हा फरक लबाडीशिवायही पडतो. समजा, पुण्यातल्या एका वेब डेव्हलपरचे एप्रिलमध्ये सुरू झालेले एकच मोठे काम आहे: दरमहा एक लाख रुपयांचे बिल, जीएसटी नोंदणी नाही. कंपनी दर बिलावर दहा हजार कापून नव्वद हजार देते. एप्रिल ते फेब्रुवारीची अकरा बिले त्याच वर्षात चुकती झाली. ३१ मार्चचे बिल कंपनीने आपल्या वहीत मार्चमध्येच धरले, त्यावरचा टीडीएसही भरला, पण पैसे दिले एप्रिलमध्ये. आता एआयएसमध्ये जमा दिसते बारा लाख, आणि बँकेच्या उताऱ्यावर ९ लाख ९० हजार. फरक २ लाख १० हजारांचा.

या फरकाचे दोन तुकडे आहेत. अकरा महिन्यांचा मिळून १ लाख १० हजार टीडीएस हे डेव्हलपरचे उत्पन्नच आहे. ते त्याच्या वतीने सरकारकडे गेले एवढेच. बँकेत आले तेवढेच उत्पन्न, असे धरून ९ लाख ९० हजारच दाखवणे ही नवख्या फ्रीलान्सरची नेहमीची चूक, आणि ती सरळ अंगाशी येते. उरलेले एक लाख मार्चच्या बिलाचे. डेव्हलपर रोखीच्या पद्धतीने, म्हणजे पैसे मिळाले त्या दिवशी उत्पन्न धरून, हिशेब ठेवत असेल तर ते पुढच्या वर्षात जाते. मग या वर्षाची जमा अकरा लाख, आणि मार्चच्या बिलावरचा दहा हजारांचा टीडीएस रिटर्नच्या टीडीएस परिशिष्टात पुढे ओढायचा. नियम ३७ बीए प्रमाणे कराचे श्रेय उत्पन्न ज्या वर्षात धरले त्याच वर्षात मिळते. येणे झाले की उत्पन्न धरण्याची, म्हणजे मर्कंटाइल, पद्धत असेल तर बारा लाख याच वर्षात दाखवावे लागतात. कोणतीही एक पद्धत चालते. यंदा ही आणि पुढच्या वर्षी ती, असे मात्र चालत नाही.

हे गणित अर्ध्या पानात बसते. बिल क्रमांक, तारीख, रक्कम, कापलेला कर, बँकेत आलेली रक्कम आणि ती आल्याची तारीख, असे सहा रकाने आखून दरमहा भरले, तर नोटीस आल्यावर तोच तक्ता उत्तराला जोडता येतो. दोन वर्षांनी आठवून तो करायला बसले, की कोणत्या जमेत कोणते बिल होते हे सांगणे कठीण होते. त्यात कंपनीने दोन बिलांचे पैसे एकदम पाठवले असतील तर विचारायलाच नको. एआयएसमध्येच चूक असेल, एकच फी दोनदा किंवा दुसऱ्याची रक्कम आपल्या पॅनवर, तर पोर्टलवर त्या नोंदीसमोर हरकत घेता येते. रिटर्न भरण्याआधी ती घेतलेली बरी. टीडीएसची चूक शेवटी कंपनीलाच आपले विवरण सुधारून दुरुस्त करावी लागते, आणि त्यासाठी तिच्या अकाउंट्स विभागाला लिहिलेले ईमेल जपून ठेवावे लागतात.

परदेशी ग्राहकांच्या पैशावर टीडीएस नसतो, त्यामुळे तो कुणाला दिसत नाही, हा भाबडा समज आहे. बाहेरून आलेली प्रत्येक रक्कम बँकेत कारणाच्या सांकेतिक क्रमांकासह नोंदवली जाते. इथला फरक वेगळा असतो. बिल हजार डॉलरचे, प्लॅटफॉर्मने समजा शंभर डॉलर कमिशन कापले, पैसे वळते करणाऱ्या सेवेने आणखी काही, आणि खात्यात आले उरलेल्यांचे रुपये. जमा हजार डॉलरची आणि कमिशन हा खर्च, असा हिशेब हवा. त्यासाठी प्लॅटफॉर्मचे मासिक विवरण आणि बँकेचे परदेशी जमेचे पत्र, म्हणजे एफआयआरसी किंवा एफआयआरए, दोन्ही लागतात. प्लॅटफॉर्मवरचे खाते बंद झाले की जुनी विवरणे मिळवणे जिकिरीचे होते, तेव्हा ती वेळीच उतरवून घ्यावीत. परदेशातल्या खात्यात ३१ डिसेंबरपर्यंतच्या वर्षात पैसे असतील तर निवासी करदात्याने ते रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवायचे असतात. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट मिळाली. परदेशात कर कापला गेला असेल तर त्याचे श्रेय फॉर्म ६७ भरून घ्यावे लागते.

यानंतर येतो कलम ४४ एडीएचा विषय, आणि सर्वाधिक गैरसमज त्याच्याच भोवती आहेत. २०१६-१७ पासून लागू झालेल्या या कलमाप्रमाणे ठरावीक व्यावसायिकांनी जमेच्या निदान पन्नास टक्के नफा दाखवला तर हिशेबाच्या वह्या ठेवण्याची आणि ऑडिटची गरज नाही. जमेची मर्यादा पन्नास लाख; रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर २०२३-२४ पासून पंचाहत्तर लाख. सवलत मोठी आहे, पण ती खर्चाच्या पुराव्यापुरती. जमा किती झाली हे सिद्ध करण्यातून ती सुटका करत नाही. दाखवलेल्या नफ्यात घर कसे घेतले, हा प्रश्न विचारायलाही तिने अडत नाही. शिवाय पन्नास टक्के हा तळ आहे. प्रत्यक्ष नफा ऐंशी टक्के असेल आणि बँकेतली शिल्लक तसे ओरडून सांगत असेल, तर अधिकारी त्यावर बोट ठेवू शकतो.

ही सवलत सरसकट सगळ्या फ्रीलान्सरांना नाही. वकिली, वैद्यक, अभियांत्रिकी, वास्तुकला, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट आणि अधिसूचनेने जोडलेले माहिती तंत्रज्ञान, कंपनी सेक्रेटरी, चित्रपट कलाकार असे काही पेशे यादीत आहेत. चित्रपट कलाकारांत संकलक, कॅमेरामन, गीतकार आणि संवादलेखकही येतात, म्हणून मुंबईतल्या मालिका-सिनेमांच्या संवादलेखकाला तिचा आधार आहे. मराठी मासिकात लेख लिहिणाऱ्याचे किंवा भाषांतरकाराचे नाव यादीत नाही. असे अनेकजण मग कलम ४४ एडी खाली धंदा म्हणून सहा किंवा आठ टक्के नफा दाखवतात. कंपनीने मात्र फी म्हणून १९४ जे खाली कर कापलेला असतो, आणि ही विसंगती संगणकाच्या नजरेतून सुटत नाही. काम नेमके काय आहे हे करारात साध्या शब्दांत लिहिलेले असेल तर बाजू मांडता येते. बिलावर नुसते ‘प्रोफेशनल चार्जेस’ लिहिले असेल तर तेच उलटते.

पन्नास टक्क्यांहून कमी नफा दाखवायचा आणि एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेवर असेल, तर वह्याही ठेवायच्या आणि सीएकडून ऑडिटही करून घ्यायचे. अशा वेळी खर्चाचा प्रत्येक रुपया प्रश्नाच्या कक्षेत येतो. घराच्या एका खोलीत काम चालते तर भाड्याचा त्या खोलीपुरता हिस्सा मागता येतो, पण स्वतःच्या मालकीच्या घराचे भाडे स्वतःलाच लावता येत नाही. लॅपटॉपची किंमत एकदम खर्ची पडत नाही, त्यावर वर्षाला चाळीस टक्के घसारा मिळतो. फोन आणि इंटरनेटचा घरगुती वाटा वगळावा लागतो. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिली तर तो खर्च नामंजूर होतो. घरच्या माणसाला मानधन दिले असेल तर त्याने काय काम केले, याचा माग हवा. सगळाच पेट्रोल खर्च कामाचा आणि दिवाळीत घेतलेला महागडा टीव्हीही ऑफिसचा, असे दाखवणाऱ्या फाइलमधला खरा खर्चही मग संशयाने पाहिला जातो.

बँक खात्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. फ्रीलान्सरच्या एकाच बचत खात्यात फी येते, वडिलांनी पाठवलेले पैसे येतात, मोडलेली ठेव येते, गोव्याच्या सहलीचा खर्च एकट्याने भरला म्हणून मित्रांनी यूपीआयने पाठवलेले वाटे येतात. तपासणीत या प्रत्येक जमेचे स्पष्टीकरण मागितले जाऊ शकते. उसने पैसे किंवा भेट असेल तर देणारा कोण, त्याची तेवढी ऐपत होती का आणि व्यवहार खरा आहे का, या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: त्याचा पॅन, त्याच्या खात्याचा उतारा आणि दोन ओळींचे सही केलेले पत्र. जवळच्या नातेवाइकाची भेट करमुक्त असते, पण ती भेट होती हे दाखवावे लागतेच. स्पष्टीकरण पटले नाही तर ती रक्कम अस्पष्टीकृत ठरते, आणि कलम ११५ बीबीई प्रमाणे तिच्यावर साठ टक्के कर, अधिभार आणि उपकर मिळून ७८ टक्के द्यावे लागतात. दीड लाखाच्या खऱ्याखुऱ्या उसनवारीचा कागद नाही म्हणून १ लाख १७ हजारांची मागणी, असे गणित होते. कामासाठी वेगळे खाते उघडले तर ही कटकट अर्ध्याहून कमी होते; त्याला खर्च जवळपास नाही, तरी ते क्वचितच केले जाते.

जीएसटीचा हिशेबही याच साखळीत बसतो. सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांवर गेली की महाराष्ट्रात आणि गोव्यात नोंदणी सक्तीची आहे, आणि परदेशी ग्राहकांची बिले या उलाढालीत धरली जातात. निर्यातीवर कर शून्य असला तरी हमीपत्र, म्हणजे एलयूटी, भरून ठेवावे लागते. जीएसटी विवरणातली उलाढाल आणि आयकर रिटर्नमधली जमा दोन्ही खाती एकमेकांशी ताडून पाहतात. बिलावर जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ फीवरच कापला जातो, त्यामुळे बँकेतली जमा एआयएसपेक्षा जास्तही दिसू शकते. तक्त्यात जीएसटीचा सातवा रकाना हवा तो त्यासाठी.

आणखी एक प्रश्न अलीकडे वाढला आहे. कंपन्या कर्मचाऱ्याला नोकरीऐवजी सल्लागार म्हणून ठेवतात; ठरलेले तास, ठरलेला पगार, कंपनीचाच लॅपटॉप, वरिष्ठांकडून रजा मंजूर, फक्त कागदावर फी. असा माणूस ४४ एडीए खाली निम्मेच उत्पन्न करपात्र दाखवतो. करारातली भाषा काहीही असली तरी प्रत्यक्ष संबंध मालक आणि नोकराचा आहे असे अधिकाऱ्याला वाटले, तर तो ते पैसे पगार धरू शकतो. स्वतःची साधने, एकाहून अधिक ग्राहक, कामानुसार बिल आणि कामाच्या पद्धतीवर स्वतःचा ताबा, या गोष्टी फ्रीलान्सरच्या बाजूने बोलतात.

चूक स्वतःच्याच लक्षात आली तर नोटिशीची वाट पाहण्यात शहाणपण नाही. मुदतीत सुधारित रिटर्न भरता येते. मुदत गेली असेल तर २०२२ मध्ये आलेले अद्ययावत रिटर्न आहे; १ एप्रिल २०२५ पासून त्याची मुदत कर निर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षे झाली. त्यासाठी कर आणि व्याजावर जादा रक्कम द्यावी लागते: पहिल्या वर्षी २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, मग ६० आणि ७०. त्या वर्षाची स्क्रुटिनी सुरू झाली की हा मार्ग बंद होतो.

नोटीस आलीच, तर पहिले काम ती खरी आहे का हे पाहण्याचे. ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर डीआयएन हा क्रमांक असतो आणि आयकर पोर्टलवर लॉगइन न करताही तो टाकून पत्र पडताळता येते. ईमेलमधली लिंक दाबून कर भरायला सांगणारी पत्रे ठगांची असतात. दुसरे म्हणजे पोर्टलवर नोंदलेला ईमेल आणि मोबाइल कोणाचा आहे ते पाहणे. अनेकांच्या खात्यावर पूर्वीच्या सीएच्या कार्यालयाचाच पत्ता राहून गेलेला असतो, आणि नोटीस तिथे पडून राहते. उत्तर न देण्याची किंमत मोठी आहे. प्रत्येक चुकीमागे दहा हजारांचा दंड होऊ शकतो, आणि कलम १४४ खाली अधिकारी हाती असलेल्या माहितीवर एकतर्फी निर्धारण करून मोकळा होतो. वेळ कमी पडत असेल तर मुदत संपण्याआधी पोर्टलवरच मुदतवाढ मागावी.

उत्तर प्रश्नांच्या क्रमाने, मोजके आणि जोडपत्रांना क्रमांक देऊन लिहावे. विचारले नाही ते उगाच सांगत बसू नये, पण विचारलेले टाळूही नये. मागच्या तारखेची बिले किंवा करार नव्याने तयार करणे हा मात्र आत्मघात आहे. उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल कलम २७० ए खाली त्यावरच्या कराच्या पन्नास टक्के दंड आहे. खोटी कागदपत्रे किंवा खोट्या नोंदी निघाल्या की तोच दोनशे टक्के होतो, आणि खटलाही भरता येतो. पन्नास टक्क्यांच्या प्रकरणात कर आणि व्याज भरून, अपील न करता, कलम २७० एए खाली दंडमाफी मागता येते. दोनशे टक्क्यांच्या प्रकरणात एवढ्यावर ती सोय मिळत नाही.

कागद किती काळ जपायचे याला कायद्यात उत्तर आहे. ठरावीक व्यावसायिकांच्या वह्या आणि बिले संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षे ठेवायची असतात. २०२४-२५ च्या कमाईचे कागद म्हणजे ३१ मार्च २०३२ पर्यंत.

आदेश विरोधात गेला तर तीस दिवसांत आयकर आयुक्तांकडे अपील करता येते. मागणीचा ठरावीक हिस्सा भरल्यास उरलेल्या वसुलीला साधारणपणे स्थगिती मिळते. त्यावर आयकर अपिलीय न्यायाधिकरण आहे, आणि त्याची पीठे मुंबई, पुणे, नागपूर आणि पणजीत आहेत. तथ्यांचा शेवटचा निवाडा तिथे होतो; उच्च न्यायालयात पुढे केवळ कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न नेता येतो. मात्र तपासणीच्या वेळी न दिलेला पुरावा अपिलात देण्यावर नियम ४६ ए ने बंधने घातली आहेत. तो आधी का दिला नाही याचे सबळ कारण दाखवल्याशिवाय आयुक्त तो दाखल करून घेत नाहीत.